वेफेअररवर रिव्ह्यू करताना ओट्यावरचा मारोती पास करायचा का? (नागपूरकरांसाठी धागा)

संत्रा_एजंट

राजेहो, ग्रुपवर दर आठवड्याला तोच वाद होऊन राहिला आणि दुसऱ्या दिवशी गुड मॉर्निंगच्या फोटोंखाली दबून जातो, म्हणून इथे धागाच काढतो. विषय रिव्ह्यूचा. नवीन लोकांसाठी थोडक्यात, इन्ग्रेस आणि पोकेमॉन गो हे फोन घेऊन बाहेर फिरत खेळायचे गेम, इन्ग्रेसमधलं पोर्टल आणि पोकेमॉन गोमधले स्टॉप-जिम (म्हणजे गेमच्या नकाशावर दिसणाऱ्या खऱ्या जागा) एकाच यादीतून येतात, त्या यादीत नवीन जागा आपणच टाकतो (याला नॉमिनेशन म्हणतात: मुख्य फोटो, आजूबाजूचा फोटो, नाव, वर्णन, नकाशावर पिन आणि ही जागा का हवी त्याचं स्पष्टीकरण) आणि ती ठेवायची की नाही हेही बहुतेक वेळा आपल्यासारखेच खेळाडू ठरवतात. आधी हे फक्त इन्ग्रेसवाले करायचे, ऑपरेशन पोर्टल रेकॉन नावाने, मग 2019 मध्ये वेफेअरर ही रिव्ह्यूची वेबसाइट आली आणि पोकेमॉनवालेही सामील झाले. पूर्वी पाच स्टार द्यायचे होते, आता प्रत्येक मुद्द्याला अंगठा वर नाहीतर खाली.

तर काल रिव्ह्यूत हे आलं. कडुनिंबाचं झाड, खाली टाइल्सचा ओटा, ओट्यावर शेंदूर लावलेला मारोती, वर टिनाचं शेड, बाजूला कुणाची तरी ॲक्टिवा. नाव 'हनुमान मंदिर', वर्णन 'प्राचीन हनुमान मंदिर'. आजूबाजूच्या फोटोत तोच मारोती, फक्त जरा लांबून. स्पष्टीकरणात 'प्लीज ॲक्सेप्ट, इथे एकही स्टॉप नाही'.

तुम्ही काय केलं असतं? मी काय केलं ते नंतर सांगतो, आधी तुम्ही बोला.

तर्रीबाज

मारोती आहे ना बे, मग पास. एवढा विचार कायले करतो? बाहेरचे लोक आपल्या गावातलं तसंही रिजेक्टच करून राहिले, त्यात आपणही करून टाकलं तं नागपुरात खेळाचं काय होईन? बर्डी आणि धरमपेठ सोडलं तं बाकी शहर उन्हाळ्यातल्या नाल्यावाणी कोरडं आहे. मी तं आपल्या गावचं दिसलं की डोळे मिटून वर अंगठा देतो.

महालवाला

डोळे मिटून देतोस तेच तर दिसून राहिलं, तर्रीबाज. मागे झिरो माइलचं आलं होतं. तो बलुआ दगडाचा खांब आणि चार घोडे, सगळ्या शहराला माहीत आहे, पोर्टल तिथे पहिल्यापासून आहे. कुणीतरी भाऊने त्यातल्या प्रत्येक घोड्याचं वेगळं नॉमिनेशन टाकलं. 'उत्तर घोडा', 'दक्षिण घोडा'. फोटो छान होते हो, संध्याकाळचं ऊन, घोड्याचं नाक चमकून राहिलंय. आणि ग्रुपवर चार जणांनी सांगितलं की आम्ही पास केलं. एका स्मारकाचे भाग पाडून मोजायचे तर उद्या दीक्षाभूमीच्या स्तूपाचं प्रत्येक दार टाका.

फोटो सुंदर आहे म्हणून पास करायला ही काही फोटोग्राफीची स्पर्धा नाही. यात सुंदर फोटोला बक्षीस नसतं. फोटोवरून एवढंच कळलं पाहिजे की वस्तू खरी आहे, कुठे आहे आणि काय आहे.

लेआउटवाली

काका, घोड्यांचं पटलं. पण तर्रीबाजचं म्हणणं अगदीच सोडून देऊ नका. मी बेसा साइडला राहते. आमच्याकडे ब्रिटिशांचं काही नाही, भोसल्यांचं काही नाही, दहा-पंधरा वर्षांपूर्वी शेती होती तिथे लेआउट पडले. जे आहे ते म्हणजे नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) गार्डन, त्यातलं ग्रीन जिम (उघड्यावरची व्यायामाची मशीनं), एखादं समाजभवन, एक बुद्धविहार आणि तुमचा तो ओट्यावरचा मारोती. सिव्हिल लाइन्समध्ये राहणाऱ्याने 'हे तर साधंच आहे' म्हणून खाली अंगठा द्यायचा आणि आम्ही स्कूटी काढून फुटाळ्याला जाऊन खेळायचं, हे काही बरोबर नाही.

विहारांचं तर विचारूच नका. आमच्या भागातला विहार म्हणजे दोन खोल्यांचं सिमेंटचं बांधकाम, वर पंचशील ध्वज, आत बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर. बाहेरून घरासारखा दिसतो. बाहेरगावचा रिव्ह्यूअर फोटो पाहतो आणि 'खासगी घर' म्हणून टाकून देतो. या शहरात 14 ऑक्टोबर 1956 ला काय झालं ते ज्याला माहीत आहे त्याला वस्तीतला विहार काय असतो ते सांगावं लागत नाही. तिथे रविवारी वंदना असते, मुलांचे अभ्यासवर्ग असतात, लग्नाची बोलणीसुद्धा तिथेच होतात. लोक भेटायची जागा म्हणतात ती हीच ना?

पुण्यातला_नागपुरी

लेआउटवाली ताई, विहाराबद्दल शंभर टक्के सहमत, पण बाहेरून रिव्ह्यू करणाऱ्याची बाजूही सांगतो कारण आता मी तोच आहे. मला जळगावचं येतं, अकोल्याचं येतं, कधी कधी पार आंध्रातलं येतं. मी तिथे गेलेलो नाही. मला दिसतो एक फोटो, दुसरा फोटो आणि सॅटेलाइट. सॅटेलाइटमध्ये कडुनिंबाचा हिरवा गोळा दिसतो आणि त्याखाली काय आहे ते देवालाच माहीत. स्ट्रीट व्ह्यू 2022 मध्ये भारतात परत आला तेव्हा पहिल्या दहा शहरांत पुणे होतं, नाशिक होतं, अहमदनगर होतं, नागपूर नव्हतं (हो हो, माहितीय, बोला काय बोलायचं ते). मुख्य रस्त्यावरचं असेल तर अजून कुठे काही सापडतं, गल्लीतलं असेल तर मी पूर्ण तुमच्या दुसऱ्या फोटोवर अवलंबून आहे.

विहाराच्या फोटोत नावाची पाटी घ्या हो. 'अमुक बुद्धविहार, तमुक नगर' एवढं दिसलं की माझं काम झालं. पाटी न घेता नुसती भिंत आणि झेंडा पाठवला तर मी कशाच्या जोरावर हो म्हणू?

तर्रीबाज

पुण्यात राहून पाटीच आठवली का भाऊ

पुण्यातला_नागपुरी

येणारच होतं हे 😄

संत्रा_एजंट

चला, आता मी काय केलं ते सांगतो. मारोतीला 'स्थान अचूक' मध्ये खाली अंगठा दिला, म्हणजे एकूणच नाही म्हटलं. मारोती आहे म्हणून नाही आणि ओटा लहान आहे म्हणूनही नाही. पिन होती रस्त्याच्या पलीकडे, एका बंगल्याच्या गच्चीवर, आणि फोटोत असं काहीच नव्हतं ज्यावरून ती इकडे की तिकडे ते मला ठरवता येईल. दुकानाची पाटी नाही, विजेचा खांब नाही, रस्त्याचं वळण नाही. तो मारोती मनीषनगरचा असू शकतो, नंदनवनचा असू शकतो, यवतमाळचा असू शकतो.

आजूबाजूचा फोटो लोक सगळ्यात आळसाने काढतात आणि रिव्ह्यू करणारा सगळ्यात जास्त तोच पाहतो. मुख्य फोटो पुढे गेममध्ये दिसणार असतो. दुसरा फोटो रिव्ह्यूअरसाठी असतो, तो गेममध्ये कुणाला दिसत नाही. त्यात वस्तू आणि परिसर एकाच फ्रेममध्ये पाहिजे. पाच-सात पावलं मागे या, मारोती एका कोपऱ्यात घ्या, दुसऱ्या कोपऱ्यात पाण्याची टाकी घ्या. टाकी सॅटेलाइटवर वरून गोल दिसते, काम झालं! नागपुरात पाण्याच्या टाक्यांसारखी दुसरी खूण नाही.

माझी रिव्ह्यूची पद्धत म्हणाल तर मी नाव, वर्णन सगळ्यात शेवटी वाचतो. आधी दुसरा फोटो, मग सॅटेलाइट, मग जवळपास हीच जागा आधीपासून आहे का ते. मग मुख्य फोटो. आधी वर्णन वाचलं की 'प्राचीन' वगैरे शब्द डोक्यात बसतात आणि मग कालपरवा बांधलेला ओटाही जुनापुराणा दिसायला लागतो.

पिन सरकवण्याचंही सांगून ठेवतो. पोकेमॉन गोमध्ये नकाशाचे चौकोन पाडलेले असतात, चौकोनात आधीच स्टॉप असला की नवीन जागा यादीत जाऊनही गेममध्ये दिसत नाही. हे कळलं की लोक पिन मुद्दाम शेजारच्या चौकोनात ढकलतात. गच्चीवरची पिन पाहिली की मला हाच संशय येतो. चुकून असेल तर रिव्ह्यूमध्येच जागा दुरुस्त सुचवता येते, पण त्यासाठी बरोबर जागा कुठे ते फोटोतून कळायला तर पाहिजे.

महालवाला

जागेचं बरोबर. पण मूळ प्रश्न टाळलास, संत्रा. समज पिन अगदी बरोबर आहे. मग मारोती पास?

माझं म्हणणं आहे की तिथेसुद्धा 'कायमस्वरूपी' या मुद्द्यावर थांबावं. रस्त्याच्या कडेला, फुटपाथवर उभी राहिलेली देवळं आपण सगळे रोज पाहतो. 2018 मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशानंतर रस्त्यांवरची अनधिकृत धार्मिक स्थळं पाडण्याची मोहीम निघाली होती, आंदोलनं झाली, सगळ्यांना आठवत असेल. तेव्हा नकाशावरची किती पोर्टलं एका सकाळी हवेत लटकली. देऊळ नाही, पण गेममध्ये देऊळ आहे, आणि कुणी काढून टाकायची रिक्वेस्टही पाठवत नाही कारण स्टॉप कमी होईल ना!

लेआउटवाली

काका, पण रिव्ह्यू करणाऱ्याने अतिक्रमण विभागाचं काम का करायचं? ते अधिकृत की अनधिकृत हे फोटोवरून तुम्हाला कळणार नाही, मला तर नाहीच. दगड-विटांचा ओटा आहे, सिमेंटने बसवलेला आहे, म्हणजे आजच्या तारखेला कायम. उद्या पाडला तर उद्या काढून टाका. मारबतीचं वेगळं, ती मिरवणुकीनंतर जाळतातच, गणपतीचा मांडव अकरा दिवसांनी निघतो. त्यांना नाही म्हणणं समजतं. (हो, पिवळ्या मारबतीचा फोटो रिव्ह्यूत येऊन गेला आहे, कुणाला वाटलं मी उगाच सांगते.)

संत्रा_एजंट

टाळत नाही काका, तिकडेच येत होतो. मी यात लेआउटवालीच्या बाजूचा आहे, पण एक अट घालून.

निकषात तीन गोष्टी सांगितल्या आहेत. जागा फिरून पाहण्याजोगी असावी, किंवा व्यायामाची असावी, किंवा लोक भेटायची असावी. तिन्हीपैकी एक पुरे. मारोतीचं देऊळ लहान आहे की मोठं हा निकषच नाही. आता ओट्याकडे परत पाहा. बाजूला सिमेंटचा बाक आहे का? शनिवारच्या आरतीची वेळ लिहिली आहे का? हनुमान जयंतीच्या महाप्रसादाची पावती फाडणाऱ्या मंडळाचं नाव आहे का? घंटा, दानपेटी, चपला ठेवायची जागा? हे असलं की ते वस्तीचं देऊळ आहे, लोक तिथे जमतात, पास करा आणि बिनधास्त करा. आणि हे काहीच नाही, एका बंगल्याच्या कंपाउंडच्या आत त्यांचा त्यांचा तुळशीशेजारचा मारोती आहे, तर ते एका कुटुंबाचं खासगी घर झालं, तिथे नाही म्हणजे नाही. लोक दुसऱ्याच्या गेटसमोर रात्री बारा वाजता मोबाइल घेऊन उभे राहिले तर कुत्री तरी सुटतील नाहीतर पोलीस तरी येतील.

फ्लॅट स्कीमच्या आतलं गार्डन, देऊळ हे मात्र चालतं हं. गेट आहे, वॉचमन आहे, सगळ्यांना जाता येत नाही म्हणून लोक रिजेक्ट मारतात. सगळ्यांना जाता आलंच पाहिजे असं नाही, तिथे राहणाऱ्या खेळाडूंना जाता येतं ना? एका घराचं आणि पन्नास घरांचं यात फरक आहे. सीताबर्डीच्या किल्ल्याचंही तसंच, वर्षातून मोजकेच दिवस लोकांसाठी उघडतात, म्हणून आतलं स्मारक स्मारक राहत नाही असं थोडंच आहे.

आणि हे सगळं नॉमिनेशन टाकणाऱ्याने दाखवायचं असतं. रिव्ह्यूअरने कल्पनेने भरून काढायचं नाही. नागपूरचा आहे म्हणून मला माहीत असतं की असल्या ओट्यावर शनिवारी गर्दी असते, पण मला माहीत आहे हे पुरेसं नाही. त्याच नॉमिनेशनवर माझ्यासोबत अकोल्याचा, रायपूरचा, कुठलाकुठला माणूस बसलेला असतो आणि तो फक्त फोटोच पाहून राहिला आहे.

नवखा_ट्रेनर

नमस्कार सगळ्यांना, मी नवीन आहे. माझं ग्रीन जिमचं नॉमिनेशन रिजेक्ट झालं. व्यायामाच्या निकषात तर शंभर टक्के बसतं ना? फोटो अगदी क्लिअर होता, सकाळी काढला, मशीनवर लोकंही होते म्हणजे वापरात आहे हे पण दिसत होतं. कारणात फोटोबद्दल काहीतरी लिहून आलं. काही समजत नाही आहे, पुन्हा टाकू का तसंच?

लेआउटवाली

तसंच नको. मशीनवर लोक होते हेच कारण असणार. ओळखू येणारा माणूस फोटोचा मुख्य विषय झाला की फोटो बाद. त्यात आपल्याकडे सकाळी ग्रीन जिमवर निम्मी शाळकरी पोरं झोके घेत असतात, लहान मुलांचे चेहरे तर अजिबात नको. दुपारी एक वाजता जा, नागपूरच्या उन्हात चिटपाखरू नसतं. लांब मागे कुणी चालत असेल, पाठमोरं असेल तर त्याचा बाऊ करू नये, रिव्ह्यू करणाऱ्यांनीही.

गाडीचा नंबर वाचता येत असेल तर तोही येऊ देऊ नका. आणि स्वतःची सावली, बोट, आरशातलं प्रतिबिंब, तारीख-वेळ छापणारं कॅमेरा ॲप, फोनच्या कंपनीचं नाव कोपऱ्यात... हे सगळं आधी बंद करा मग फोटो काढा.

नवखा_ट्रेनर

अच्छा!! म्हणजे संत्रा दादांच्या त्या मारोतीत ॲक्टिवा होती ती पण?

संत्रा_एजंट

बरोब्बर पकडलं. नंबर अर्धा दिसत होता, तेवढ्यासाठी मी टाकलं नसतं, पण टाकणारे टाकतात.

तुझ्या जिमबद्दल अजून एक. गार्डनचं स्वतःचं पोर्टल आधीपासून आहे का बघून घे. गार्डन वेगळं, जिम वेगळं, मुलांची घसरगुंडी वेगळी, हे चालतं. पण जिमचं प्रत्येक मशीन वेगळं टाकलं तर काकांचे चार घोडे होतात.

महालवाला

माझे कायले, त्या भाऊचे घोडे.

रेशीमबाग_राइडर

वाचून राहिलो कधीचा, दोन पैसे माझे पण. चौकातल्या पुतळ्यांचं काय करता तुम्ही लोक? पुतळा आहे, स्मारक आहे, इतिहास आहे, पण मधोमध चौकात, चारही बाजूंनी ट्रॅफिक, पायी जायला ना झेब्रा ना फुटपाथ. मी नाही म्हणतो आणि लोक माझ्यावर चिडतात की तू महापुरुषाला नाही म्हटलंस. अरे, पुतळ्याला कोण नाही म्हणून राहिलं! तिथे सुखरूप पायी पोचता येतं का, एवढाच प्रश्न आहे. ज्या पुतळ्याभोवती बगिचा आहे, पायऱ्या आहेत, जयंतीला हार घालायला शिडी लावतात, तिथे पोचायची वाट असते, ते मी आनंदाने पास करतो. डिव्हायडरवर लावलेलं शिल्प, मेट्रोच्या खांबावरचं चित्र, जिथे उभं राहायचं म्हणजे बसच्या पुढ्यात उभं राहायचं, ते नाही.

फोटोवरून हेही कळतं. चालत्या गाडीतून काढलेला असतो. काचेची कड, डॅशबोर्डचं प्रतिबिंब, तिरकी क्षितिजरेषा. जो स्वतःच गाडीतून उतरला नाही तो सांगणार की इथे पायी या?

तर्रीबाज

हे मान्य. बरं मले एक सांगा, फ्लेक्सचं काय? आमच्या चौकात भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बारा महिने लागलेला असते, फक्त भाऊचा फोटो बदलते. कायमस्वरूपीच झाला ना मग 😂

रेशीमबाग_राइडर

भाऊ कायमस्वरूपी आहे, फ्लेक्स नाही. रिजेक्ट.

पुण्यातला_नागपुरी

हसण्यावारी नेऊ नका, फ्लेक्सचा खरा उपद्रव वेगळाच. लोक घरी पाटी छापतात, 'अमुक नगर स्वागत' किंवा 'वॉकिंग ट्रॅक 2', दोन तारांनी झाडाला बांधतात, फोटो काढतात आणि पाटी घरी घेऊन जातात. मी असली ओळखतो ती कडांवरून. खरी पाटी ऊन-पावसाने विटलेली असते, स्क्रूला गंज असतो, खाली पोस्टर चिकटवून फाडल्याच्या खुणा असतात. जी पाटी काल दुकानातून आणल्यासारखी दिसते आणि जिच्या मागे सुतळी दिसते तिथे मी पाच मिनिटं जास्त घालवतो. नवीन पाटी खरीही असू शकते, म्हणून एकदम फेक म्हणत नाही, फक्त शोधतो.

नेटवरून उचललेले फोटोही येतात. टेकडी गणपतीचा असा फोटो, वरून, ड्रोनचा, कोपऱ्यात कुणाचं तरी नाव खोडल्याचा पांढरा डाग. जागा शंभर टक्के खरी, फोटो चोरीचा. अशा वेळी जागेवर प्रेम असलं तरी नाही म्हणायचं, फोटो स्वतः काढून पुन्हा टाकता येतो की.

लेआउटवाली

तर्रीबाज, तू ग्रुपवर 'माझं टाकलंय, सगळ्यांनी वर अंगठा द्या रे' लिहितोस ना, ते बंद कर बाबा. आपलं नॉमिनेशन आपल्याच लोकांना येईल याची खात्री नसते हे एक, आणि ठरवून दिलेल्या मतांवर कारवाई होऊ शकते हे दुसरं. इन्ग्रेसमधल्या हिरव्या आणि निळ्या टीमचं तर काय बोलावं. पोर्टल निळ्या टीमच्या माणसाच्या घराजवळ होणार म्हणून हिरव्याने खाली अंगठा द्यायचा, हे मी डोळ्याने पाहिलंय. टीम गेममध्ये ठेवा ना, रिव्ह्यूत कशाला?

तर्रीबाज

बरं ताई, नाही लिहीत. पण मग आमच्या वस्तीत स्टॉप यायचा कसा ते तं सांगा कुणीतरी. नियम सगळे सांगून राहिले.

लेआउटवाली

सांगते ना. आमच्याकडे काय पास झालं तेच सांगते. ग्रीन जिम झालं, पाटीसकट. समाजभवन झालं, कोनशिला जवळून आणि इमारत लांबून असे दोन फोटो दिले. विहार पहिल्यांदा गेला नाही, मग नावाची कमान आणि मागे विहार असा फोटो काढला, स्पष्टीकरणात वंदना कधी असते, वाचनालय कोणत्या खोलीत आहे ते लिहिलं, आणि झाला. ज्येष्ठ नागरिकांची बसायची छत्री आहे गार्डनमध्ये, तीही झाली. 'इथे एकही स्टॉप नाही' हे वाक्य एकदाही लिहिलं नाही, कारण ते वाचून रिव्ह्यूअरला जागेबद्दल काहीच कळत नाही. स्टॉप नाही हे तर त्याला नकाशावर दिसतंच.

शाळेचं मैदान मात्र नाही झालं आणि होणारही नाही, बारावीपर्यंतच्या शाळेच्या आवारात काहीच चालत नाही. कॉलेजचं चालतं.

महालवाला

वर्णनाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मला नाव-वर्णन शेवटी वाचायची संत्राची पद्धत आवडली, पण वाचा तरी. शहीद गोवारी स्मारकाजवळच्या एका जागेचं वर्णन आलं होतं, 'नाइस प्लेस टु चिल विथ फ्रेंड्स'. 23 नोव्हेंबर 1994 ला तिथे चेंगराचेंगरीत 114 गोवारी बांधव गेले. तिथल्या फोटोत काही चूक नव्हती, पिन बरोबर, पाटी स्पष्ट. तरी मला वर अंगठा देववेना. नाव किंवा वर्णन नंतर दुरुस्त करता येतं म्हणतात, पण कोण करतं?

आणि 'प्राचीन' हा शब्द पाहिला की मी वैतागतो. हे शहर बख्त बुलंद शाहने 1702 च्या सुमारास वसवलं, आणि काल पडलेल्या लेआउटमध्ये प्राचीन मंदिर! माहीत नसेल तर वर्ष लिहू नका. 'वस्तीतलं हनुमान मंदिर, दर शनिवारी सायंकाळी आरती' एवढं लिहिलं तरी त्या 'प्राचीन'पेक्षा दहापट कामाचं आहे.

संत्रा_एजंट

काका, गोवारी स्मारकाच्या बाबतीत मी वेगळं करेन. जागा योग्य आहे, फोटो योग्य आहे, तर जागा येऊ देईन आणि आल्या आल्या वर्णनाची दुरुस्ती पाठवेन. तुम्ही नाही म्हटल्याने वर्णन सुधारत नाही, स्मारकच राहून जातं. वर्णन शिवीगाळीचं किंवा जाहिरातीचं असेल तर गोष्ट वेगळी.

महालवाला

तू दुरुस्ती पाठवणारा आहेस म्हणून तुला ते सोपं वाटतं. दहातले नऊ पाठवत नाहीत. मी माझ्या मतावर आहे.

संत्रा_एजंट

राहा. त्यासाठीच एकापेक्षा जास्त लोक मत देतात.

नवखा_ट्रेनर

दादा, काका, मी आज दुपारी गेलो होतो गार्डनला. ऊन भयंकर पण खरंच कुणी नव्हतं. जिमचा फोटो काढला, दुसऱ्या फोटोत गार्डनची कमान आणि मागे टाकी घेतली. एकच अडचण, मशीनजवळच्या पाटीवर नगरसेवकाचं नाव आणि मोठा फोटो आहे, तो फ्रेममध्ये येऊनच राहिला. चालेल का?

रेशीमबाग_राइडर

पाटीवरचा छापील फोटो म्हणजे जिवंत माणूस नाही, चालतो. पण तो फोटोचा हिरो होऊ देऊ नको, मशीन मोठ्या दिसू दे, पाटी कडेला. नावात 'ग्रीन जिम' आणि गार्डनचं नाव लिही, नगरसेवकाचं नको.

तर्रीबाज

आणि दुसऱ्या फोटोत टाकी घेतली म्हणतो तं टाकीवर कोणत्या नगरची लिहिलं असन ते येऊ दे, पुण्यातल्या भाऊले पाटी लागते.

नवखा_ट्रेनर

लिहिलंय, पण अर्धं पान-ठेल्याच्या ताडपत्रीमागे गेलंय. उद्या पुन्हा जातो, दुपारीच.